साक्षीच्या रात्री सोनं कुणी नेलं?

खारे_दाणे

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीत क्विझ होतं. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे. एक प्रश्न मला फार सोपा वाटला होता: रिओ २०१६, महिला फ्रीस्टाइल, ५८ किलो. साक्षी मलिकला ब्राँझ. मग सुवर्ण कुणाला?

सहा टीम होत्या. पाच कागद कोरे आले. सहाव्यावर 'कोणीतरी रशियन' असं लिहिलं होतं. रशियन मुलीला रौप्य मिळालं होतं, त्यामुळे ते गृहस्थ अर्ध्या गुणासाठी चहा होईपर्यंत भांडत होते. दिला नाही.

उत्तर आहे काओरी इचो, जपान. आणि तो तिचा काही एखादाच दिवस नव्हता. अथेन्स २००४, बीजिंग २००८, लंडन २०१२ आणि रिओ २०१६, चारही ऑलिंपिकला सुवर्ण. पहिली तीन ६३ किलोत, चौथं ५८ किलोत. वैयक्तिक प्रकारात लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारी कुठल्याही खेळातली पहिली स्त्री. शिवाय दहा जागतिक विजेतेपदं. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आलीच २००४ ला, म्हणजे दार उघडल्यापासून बारा वर्षं ही आतच बसलेली.

त्या रात्री आपण सगळे जागे होतो. टीव्हीसमोर बसून ओरडलो. मग सोनं कुणी नेलं हे एकालाही आठवू नये? आपल्याला खेळ आवडतो की फक्त आपलं पदक?

तिरका_कोन

फक्त आपलं पदक. पुढचा प्रश्न.

पोहे_विना_कांदा

अहो, साक्षीची कुस्ती संपली तेव्हा पहाटेचे तीन वाजायला आले होते. राखीपौर्णिमा होती, सकाळी बहिणीकडे जायचं होतं. फायनल बघायला कोण थांबणार? टीव्हीवाल्यांनीही पुढचे दोन तास ०-५ वरून ८-५ हेच फिरवून फिरवून दाखवलं.

साकुरामावशी

मी नागोयाजवळ राहते, बावीस वर्षं झाली. आधी उच्चार बघा. ते 'इच्यो' आहे, शेवटचा ओ लांब. चोरातला च नाही, चहातला च. काओरी हे नाव ज्या अक्षराने लिहितात त्याचा अर्थ सुगंध. मोठ्या बहिणीचं नाव चिहारू, म्हणजे हजार वसंत.

दोघी हाचिनोहेच्या. आओमोरी प्रांतातलं बंदर, माकुळ आणि बांगड्यासाठी प्रसिद्ध. भावंडांच्या मागे मागे काओरी लहानपणीच मॅटवर गेली. चिहारूला अथेन्स आणि बीजिंगला ४८ किलोत रौप्य. तिच्या वाट्याला सुवर्ण आलंच नाही. दोन्ही वेळा धाकटी सोनं घेऊन आणि थोरली चांदी घेऊन घरी आली. त्या घरातलं जेवण कसं झालं असेल, हे मला नेहमी वाटतं.

तिरका_कोन

म्हणजे आपली सुगंधा. सुगंधा इचो, मु. पो. हाचिनोहे.

अ_पैलवान

इचोबद्दल आदर आहे, पण धागा चुकीच्या बाईवर काढलाय. जपानी महिला कुस्ती म्हणजे साओरी योशिदा. तेरा जागतिक विजेतेपदं, २००२ पासून २०१५ पर्यंत एकही स्पर्धा सोडली नाही. तीन ऑलिंपिक सुवर्णं, एक रौप्य. लागोपाठ ११९ कुस्त्या जिंकल्या होत्या, तो सिलसिला २००८ च्या जानेवारीत चीनमध्ये वर्ल्ड कपला अमेरिकेच्या मार्सी व्हॅन ड्यूसनने तोडला. त्यानंतर सात महिन्यांत ही बीजिंगला सुवर्ण घेऊन मोकळी. लंडनला उद्घाटनाच्या संचलनात जपानचा झेंडा तिच्या हातात होता. टीव्ही लावा, जाहिरातीत तीच. हे तेरा विरुद्ध दहा आहे, हिशेब करा.

आकडेमोड

हिशेब केला. ऑलिंपिक सुवर्णं चार विरुद्ध तीन. आता बोला.

वस्तादांची_नात

दोघींच्या कुस्तीत फरक आहे, तो आकड्यात सापडणार नाही. आमच्या आजोबांची कोल्हापुरात तालीम होती, त्यामुळे घरात टीव्हीवर मालिकांपेक्षा कुस्ती जास्त. (मला स्वतःला हौद्यात उतरू दिलं नाही, तो वेगळा विषय. 'पोरीच्या जातीला माती लागत नाही' म्हणणारे काका आज नातीला मॅटवर सोडायला स्कूटरवरून जातात.)

योशिदा म्हणजे पट, म्हणजे खाली शिरून समोरच्याचा पाय धरायचा डाव. एकेरी असो की दुहेरी, ती लांबून अशी शिरायची की समोरचीला पाय मागे घ्यायला सवडच नाही. तिचे वडील एइकात्सू योशिदा स्वतः राष्ट्रीय विजेते. मिए प्रांतात त्सू गावी घरातच आखाडा केलेला, आणि पोरीला लहानपणापासून घोटवून घेतला तो हाच एक डाव. सगळ्या जगाला माहीत होतं की ही पटात शिरणार, आणि तरीही ती शिरायची.

इचोला असा एक डाव नाही. ती खडाखडीतच, म्हणजे उभ्या उभ्या हातांच्या झटापटीतच समोरच्याला थकवते. हात, मान, मनगट, सतत काहीतरी चालू. तुम्ही चुकलात की दोन गुण गेले. बघायला योशिदा भारी, पण लढायला मला योशिदा परवडेल. निदान कुठून मार बसणार ते तरी कळेल.

मधली_सुट्टी

वा! 'बघायला योशिदा भारी, लढायला परवडेल' हे कुठेतरी लिहून ठेवते.

खारे_दाणे

@वस्तादांची_नात, तुम्ही रिओची फायनल बघितली आहे का? शेवटचे सेकंद एकदा सांगाच. मी क्विझमध्ये सांगायचा प्रयत्न केला, पण माझं ऐकून सगळे 'म्हणजे पाय ओढला ना?' म्हणाले.

वस्तादांची_नात

काल रात्री चार वेळा बघितली, डाळ करपली.

समोर व्हॅलेरिया कोब्लोव्हा. इचो १-२ ने मागे. वय ३२. वेळ संपत आलेली. कोब्लोव्हाने नुसतं लांब राहून वेळ काढायला हवा होता, पण ती पटात शिरली आणि पायही हातात आला. इथे कुठलीही घाबरलेली पैलवान काय करेल? पाय झटकायला बघेल. इचोने पाय सोडवायची घाईच केली नाही. अंगाचा भार वरून टाकला, कोब्लोव्हाला खाली दाबून धरलं, आणि कमरेला धरून फिरत फिरत मागे. ताबा आला, दोन गुण. ३-२, आणि घड्याळात म्हणावे असे सेकंद उरलेच नव्हते.

आजोबा असते तर म्हणाले असते, पट लागला होता, काढता आला नाही. मला मात्र उलटं वाटतं. लागलेला पटच तिने उचलून स्वतःच्या डावात घातला. तिसऱ्यांदा बघताना मी फक्त तिचा चेहरा बघत होते. काहीही नाही. बसमध्ये तिकीट काढताना असतो तसा चेहरा.

अ_पैलवान

ठीक आहे, ते सेकंद मान्य. योशिदा पुरुषांच्या खेळातली असती तर पुतळे उभे राहिले असते, एवढंच म्हणतो. आणि हीच कोब्लोव्हा! २०१२ च्या वर्ल्ड कपला, टोकियोत, योशिदाला हरवणारी एकोणीस वर्षांची पोरगी ती हीच. तेव्हा तिचं आडनाव झोलोबोव्हा होतं. ती हार बघून जपानला वाटलं योशिदा संपली. अडीच महिन्यांनी लंडनला सुवर्ण.

पोहे_विना_कांदा

रशियन मुलगी दोन्ही जपानी बायकांच्या आयुष्यात डोकावून गेली की.

आकडेमोड

एक गोष्ट कुणी बोललं नाही. इचोची चार सुवर्णं तीन वेगवेगळ्या नियमांखाली आहेत. अथेन्सला तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि गुणांची बेरीज. त्या फायनलला तिने सारा मॅकमनला ३-२ ने हरवलं. बीजिंग आणि लंडनला दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजयी. म्हणून लंडनच्या फायनलचा निकाल ३-०, २-० असा दिसतो, समोर चीनची जिंग रुईश्वे. २०१३ मध्ये परत बेरीज आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत कुस्तीलाच ऑलिंपिकमधून काढायची शिफारस झाली होती, सप्टेंबरमध्ये परत घेतली. नियम बदलले त्यामागे तो धाकही होता.

म्हणजे परीक्षेचा पॅटर्न दोनदा बदलला, आणि पहिला नंबर तोच.

साकुरामावशी

लंडनचं आणखी एक. स्पर्धेच्या काही दिवस आधी सरावात तिच्या डाव्या घोट्याचा लिगामेंट दुखावला होता. ते बाहेर आलं पदक गळ्यात पडल्यावर.

बीजिंगनंतर दोघी बहिणींनी थोडा काळ कुस्ती बाजूला ठेवली, कॅनडात जाऊन राहिल्या. परत आल्यावर काओरी आइचीतला जुना गट सोडून टोकियोला गेली आणि पुरुष पैलवानांबरोबर सराव करू लागली. चार सुवर्णांपैकी दोन आधीच खिशात. मग पुरुषांच्या हातून रोज आपटून घ्यायची हौस कशाला? तर तंत्र शिकायला. इथल्या मुलाखतींमध्ये ती जिंकलेल्या कुस्तीबद्दलही असमाधानीच दिसायची. सुवर्ण जिंकून कपाळाला आठ्या!

जपानी प्रेक्षकांना योशिदा आवडते कारण ती हसते, रडते, चिडते. रिओत हेलन मारूलिसकडून फायनल हरली तेव्हा मॅटवर पडून रडली, देशाची माफी मागितली, आणि आमच्या ऑफिसातल्या बायका दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी आल्या. आदल्याच रात्री इचोने चौथं सुवर्ण जिंकलं होतं. त्यावर डबा खाताना पाच मिनिटं बोलणं झालं असेल. म्हणजे @खारे_दाणे, तुमच्या सोसायटीला फार दोष देऊ नका.

खारे_दाणे

हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मधली_सुट्टी

दोघींना सरकारी मोठा सन्मान मिळाला होता ना?

साकुरामावशी

हो, राष्ट्रीय गौरव पुरस्कार म्हणता येईल असा. पंतप्रधानांच्या हस्ते देतात, क्वचितच मिळतो. योशिदाला २०१२ मध्ये, इचोला २०१६ मध्ये. सोबत भेटवस्तू असते. योशिदाला मोत्यांचा हार, मिए म्हणजे मोत्यांचाच प्रांत. इचोला क्योतोच्या निशिजिन विणकामाचा ओबी, किमोनोवर बांधतात तो पट्टा. आपल्याकडच्या पैठणीसारखं समजा.

तिरका_कोन

पैलवानाला गदा नाही? पैठणी? खेळ पैठणीचा तिथपर्यंत पोचला म्हणायचा.

वस्तादांची_नात

@तिरका_कोन :-) आपल्याकडे महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ उजाडलं, सांगलीत. प्रतीक्षा बागडी पहिली. जपानच्या मुली तोपर्यंत पाच ऑलिंपिक खेळून आल्या होत्या. तेव्हा पैठणीला हसू नका.

गावाकडचा_मुंबईकर

विषय जपानचा निघालाच आहे तर खाशाबा जाधवांचं नाव घ्यायलाच हवं. मी कराडचा, गोळेश्वर शेजारी. १९५२ हेलसिंकी, बँटमवेट, खाशाबांना ब्राँझ. त्या गटात सुवर्ण कुणाला? शोहाची इशी, जपान. खाशाबा हरले ते इशींकडून आणि सोव्हिएतच्या ममेदबेकोव्हकडून. इशींबरोबरची लांबलचक कुस्ती झाल्यावर विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

म्हणजे बघा, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणि भारतीय महिला कुस्तीचं पहिलं पदक, दोन्हीला ब्राँझ, आणि दोन्हीच्या वरच्या पायरीवर जपानी.

खारे_दाणे

अरे!! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पुढच्या क्विझचा प्रश्न मिळाला.

अ_पैलवान

इशी मूळचा ज्युदोवाला. युद्धानंतर ज्युदोवर बंदी होती म्हणून कुस्तीकडे वळलेली ती पिढी. पण हा वेगळा धागा होईल.

आकडेमोड

चार सुवर्णांचा डंका ठीक आहे, पण क्यूबाच्या मिहाइन लोपेझने पॅरिसला ग्रीको-रोमनमध्ये पाचवं लागोपाठ सुवर्ण घेऊन बूट मॅटवर काढून ठेवले, म्हणजे निवृत्ती. तेव्हा 'सर्वश्रेष्ठ' वगैरे शब्द जपून.

खारे_दाणे

मी 'पहिली स्त्री' लिहिलंय. ते अजून खरं आहे.

मधली_सुट्टी

इचो टोकियो ऑलिंपिकला का नव्हती? घरच्या मैदानावर पाचवं सुवर्ण, अशा बातम्या वाचल्याचं आठवतं.

साकुरामावशी

त्याआधी २०१८ चं सांगायला हवं. त्या वर्षी तक्रार झाली की जपानी कुस्ती महासंघाचे प्रशिक्षण प्रमुख काझुहितो साकाए यांनी इचोला त्रास दिला. गट सोडून गेल्यावर तिच्या सरावाच्या जागा बंद होणं, तिला शिकवणाऱ्या प्रशिक्षकावर दबाव, अशा स्वरूपाच्या गोष्टी. याला जपानमध्ये 'पावा-हारा' म्हणतात, म्हणजे अधिकाराचा वापर करून केलेला छळ. चौकशीत त्यातल्या काही गोष्टी खऱ्या ठरल्या आणि एप्रिलमध्ये साकाए यांनी पद सोडलं. योशिदासकट कितीतरी विजेत्या ज्यांनी घडवल्या ते हेच साकाए. म्हणून इथे लोक दोन तट पडून बोलत होते.

पोहे_विना_कांदा

जंतरमंतरवरचं पैलवानांचं आंदोलन आठवलं.

मधली_सुट्टी

मलाही. पण दोन्ही एक करू नका. तिथे लैंगिक छळाचे आरोप होते, इथे अधिकाराचा गैरवापर. साम्य एवढंच की पदक जिंकलेल्या बाईलाही बोलायला किंमत मोजावी लागली. साक्षीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये बूट टेबलावर ठेवले ते बघून मी टीव्ही बंद केला होता.

अॅडमिन_काका

राजकारण नको, धागा छान चाललाय. कुस्तीवर या.

वस्तादांची_नात

येते. इचो टोकियोला का नव्हती त्याचं उत्तर म्हणजे रिसाको कावाई. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

रिसाको इशिकावा प्रांतातली. आईवडील दोघेही पैलवान, आई १९८९ च्या जागतिक स्पर्धेत खेळलेली. रिओच्या आधी रिसाकोचं वजन इचोच्या गटाच्या जवळपासचं. तिथे इचो म्हणजे भिंत. मग ती वर ६३ किलोत गेली आणि सुवर्ण जिंकून प्रशिक्षकालाच उचलून मॅटवर आपटलं, आनंदाने! पुढे धाकटी बहीण युकाको ६२ किलोत तयार झाली. बहिणीबहिणीत कुस्ती नको म्हणून थोरली खाली ५७ ला उतरली. आणि तिथे कोण? दोन वर्षांच्या विश्रांतीनंतर परत आलेली इचो.

डिसेंबर २०१८ ला राष्ट्रीय स्पर्धेत इचो जिंकली. जून २०१९ ला कावाई जिंकली. मग जुलैत निवडीसाठी एकच कुस्ती, दोघींमध्ये. ३-३ अशी बरोबरी, बरोबरी फोडायच्या निकषांवर कावाई विजयी. इचो तेव्हा ३५ वर्षांची. टोकियोला रिसाकोला ५७ किलोत सुवर्ण, युकाकोला ६२ किलोत सुवर्ण. इचो भगिनींच्या घरात जे एकाच वेळी कधी झालं नाही ते कावाई भगिनींच्या घरात झालं.

साकुरामावशी

त्या जुलैच्या कुस्तीचं थेट प्रक्षेपण मी स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं. ३-३ चा निकाल लागला आणि माझा नवरा म्हणाला, 'आता रडेल.' रडली नाही.

गावाकडचा_मुंबईकर

युकाकोने फायनलला कुणाला हरवलं माहीत आहे? किरगिझस्तानची ऐसुलू तिनिबेकोव्हा. म्हणजे रिओत ब्राँझच्या कुस्तीत साक्षीने ०-५ वरून जिला मागे टाकलं तीच.

तिरका_कोन

या खेळात एकूण बायका किती आहेत? सगळीकडे त्याच त्याच येतायत. आमच्या लग्नाच्या हॉलसारखं झालंय.

पोहे_विना_कांदा

मग विनेश-सुसाकी पण घ्या. जपानची युई सुसाकी पॅरिसआधी आंतरराष्ट्रीय कुस्तीत ८२-०. टोकियोचं सुवर्ण एकही गुण न देता. आणि पॅरिसला पहिल्याच कुस्तीत विनेशने शेवटच्या क्षणी ३-२!

अ_पैलवान

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त, विनेश बाद. रिओच्या वेळी वजन आदल्या संध्याकाळी एकदाच व्हायचं आणि गट एका दिवसात संपायचा. २०१८ पासून दोन दिवस, दोन्ही सकाळी वजन. जुना नियम असता तर विनेश रात्रीच फायनल खेळली असती. सुसाकी शेवटी ब्राँझ घेऊन गेली.

वस्तादांची_नात

त्या कुस्तीतही तेच. सहा मिनिटं थांबायचं आणि एकदाच शिरायचं. सुसाकीला बहुतेक तशी सवयच नव्हती, तिच्या कुस्त्या तिथवर टिकायच्याच नाहीत. इचोला ती सवय होती.

आकडेमोड

थांबा. मी आत्ता रिओचा पूर्ण तक्ता मांडून बसलोय आणि मला घाम फुटलाय.

इचो २०१६ च्या जानेवारीत रशियात क्रास्नोयार्स्कला हरली होती. मॅटवर तेरा वर्षांतली पहिली हार, लागोपाठ १८९ विजयांनंतर. हरली ती पण ०-१०. हरवणारी मंगोलियाची पुरेवदोर्ज ओर्खोन.

हीच ओर्खोन रिओत ५८ किलोत होती. तिला कोब्लोव्हाने आधीच बाहेर काढलं, म्हणून इचोची आणि तिची गाठ पडलीच नाही. पण कोब्लोव्हा फायनलला गेल्यामुळे तिच्याकडून हरलेल्यांना रेपेचाज, म्हणजे ब्राँझसाठी आणखी एक संधी मिळाली. त्यात ओर्खोनसमोर कोण? साक्षी मलिक. निकाल १२-३. साक्षी जिंकली.

खारे_दाणे

काय सांगता!

तिरका_कोन

म्हणजे साक्षीने ओर्खोनला हरवलं, ओर्खोनने इचोला हरवलं, सबब साक्षी इचोपेक्षा भारी. सिद्ध झालं. पेढे वाटा.

वस्तादांची_नात

कुस्ती बीजगणित नाही हो. तसं बघितलं तर कोब्लोव्हाने साक्षीला ९-२ ने हरवलं आणि इचोने कोब्लोव्हाला. झाली परत वजाबाकी.

मधली_सुट्टी

पण त्या रात्री आपण जे बघून ओरडलो त्यात मंगोलियन मुलीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. इचोला दहा शून्याने लोळवलेली मुलगी आपल्या मुलीने बारा-तीनने काढली, आणि आपल्याला तिनिबेकोव्हाच आठवते. धाग्याचा मूळ प्रश्न इचोपुरता नाही राहिला.

सी_विंग_४०३

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज खास खातं काढलं. क्विझमध्ये 'कोणीतरी रशियन' लिहिणारा मीच.

वरचं सगळं वाचलं. कोब्लोव्हा फायनलला गेली नसती तर साक्षीला रेपेचाज नाही, रेपेचाज नाही तर ब्राँझ नाही, आणि ब्राँझ नाही तर तुमचा प्रश्नच नाही. त्या रात्री त्या गटात भारताच्या सर्वात उपयोगी पडलेली बाई रशियन होती. माझा अर्धा गुण अजून बाकी आहे.

खारे_दाणे

पाव देतो.

सी_विंग_४०३

चालेल. पण नोटीस बोर्डावर लावा.